सेवेत असताना

शिक्षण खात्याच्या जिल्हा कार्यालयात माझं टेबल होतं आणि त्या टेबलाला सगळे 'कल्याण' म्हणत. कर्मचारी कल्याण. म्हणजे काय, तर मास्तर, बाई, कारकून, शिपाई, ड्रायव्हर असे जे कोणी खात्याचे पगारी लोक, त्यांची आजारपणाची बिलं, गटविमा, आरोग्य तपासणीची शिबिरं आणि सुरक्षेच्या सूचना हे सगळं माझ्याकडे. वरून परिपत्रक आलं की मी ते वाचायचं, माणसांना कळेल अशा मराठीत उतरवायचं, फळ्यावर लावायचं आणि तालुक्यांना धाडायचं. लोक जाता-येता विचारायचे, "काय बाई, आज कोणाचं कल्याण?" मी म्हणायचे, "तुमचं सोडून सगळ्यांचं." नव्वदच्या दशकात या टेबलाशी बसले ती निवृत्त होईपर्यंत उठले नाही. आता दिवाळी अंकवाले म्हणतात, तिथल्या गमती लिहा. गमती आहेत, नाही असं नाही. पण गमतीनं सुरुवात करून मी कुठे जाऊन पोचते ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते, हे फराळाच्या ताटाशी बसून वाचू नका.

सुरगाण्याकडच्या शाळांत साप निघतात म्हणून गमबूट मागितले होते. दोन पावसाळे कागद फिरला, तिसऱ्यात बूट आले. सगळे एकाच मापाचे, आणि तेही पहिलवानाच्या. तिथल्या एक बाई मीटिंगला आल्या होत्या, म्हणाल्या, "बाई, एका बुटात माझे दोन्ही पाय मावतात." मी म्हटलं, "माप कळवा, बदलून मागवू." त्या म्हणाल्या, "तोवर सापाला काय सांगू? थांब, बूट येताहेत म्हणून?" शेवटी त्या बुटांत शाळेनं पट्ट्या आणि घंटेचा हातोडा ठेवला. आग विझवायचे लाल सिलिंडर आले, ते चोरीला जाऊ नयेत म्हणून भांडारपालानं कुलपात घातले. मी विचारलं, "आग लागली तर?" तो म्हणाला, "अर्ज द्या, लगेच काढून देतो." एकदा मीटरच्या पेटीनं खरंच पेट घेतला, तेव्हा चहावाल्यानं ओलं गोणपाट टाकून आग विझवली. चहावाला काही आमचा कर्मचारी नव्हता, त्यामुळे त्याचा सत्कार कोणत्या खर्चातून करायचा यावर चर्चा झाली आणि सत्कार राहिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार.

सगळ्यात मोठी जत्रा म्हणजे आरोग्य तपासणीचं शिबिर. बाहेरच्या माणसाला हे समजायला आधी आमचा मे महिना समजायला हवा. मे महिन्यात बदल्या व्हायच्या. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात जायचं नसेल तर आजाराचा दाखला लागे. त्यामुळे मे उजाडला की आमचं खातं म्हणजे एक मोठं इस्पितळ. कोणाचं हृदय, कोणाचा मणका, कोणाची सासू. आणि तेच लोक हिवाळ्यात शिबिर लागलं की ठणठणीत! कारण शिबिरात काही निघालं तर बढती अडेल, ड्रायव्हरचं स्टेअरिंग जाईल, अशी धास्ती. खोटा आजार सगळ्यांना हवा आणि खरा कोणालाच नको.

त्यावरही आमच्या लोकांनी तोड काढली होती. ऑफिसात एक काटक कारकून होता. ज्याला धास्ती वाटे तो आपली चिठ्ठी त्याच्या हातात देई, आणि हा भला माणूस दुसऱ्याच्या नावानं दंड पुढे करून बसे. ब्लडप्रेशर उत्तम! मोबदला म्हणजे एक चहा, एक भजी प्लेट. त्या वर्षी शिबिराला आलेली डॉक्टरीण चांगली डोळस निघाली. तिनं पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मघाशी तुम्ही वेगळ्या नावानं आला होतात ना? शर्ट तोच आहे." कारकून हसला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, पोपट गांगुर्डे म्हणजे हेच का?"

पोपट गांगुर्डे म्हणजे आमच्या साहेबांच्या जीपचे ड्रायव्हर. निफाडकडचे, उंच, पांढऱ्या मिशीचे, बोलायला कमी. सावळघाटातून पावसाळ्यात, धुक्यात जीप काढावी ती पोपटरावांनी, असं सगळा जिल्हा म्हणे. मी म्हटलं, "नाही, हे नव्हेत. पोपटराव गॅरेजमागे लपलेत, आणते." आणि खरोखर त्यांना मनगटाला धरून आणलं. डॉक्टरणीनं पट्टा गुंडाळला, पुन्हा गुंडाळला, मग त्यांना खुर्चीवरून उठूच देईना. सिव्हिलला नेऊन हृदयाची पट्टी काढली तेव्हा कळलं की माणसाला अटॅक येऊन गेलेला आहे. कधी? तर पावसाळ्यात, घाटात, गाडी चालवताना. छातीत कळ आली, त्यांना वाटलं गॅस. पेठला उतरून सोडा प्याले आणि परत जीप घेऊन आले. मागच्या सीटवर साहेब झोपलेले.

हे ऐकून साहेब पांढरेफटक पडले. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची त्यांना इतकी काळजी वाटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी कंत्राटी ड्रायव्हर आला आणि पोपटराव साहेबांच्या केबिनबाहेरच्या स्टुलावर बसले. डॉक्टरीण म्हणाली होती, "रोज गोळ्या घ्या, मीठ कमी करा, घाटात गाडी नको. वीस वर्षं काही होत नाही तुम्हाला." मला वाटलं, चला, आपल्या टेबलानं एक माणूस वाचवला. नोकरीत एवढं समाधान मला फार वेळा मिळालेलं नाही.

स्टुलावर बसून पोपटराव विचार करायला लागले. चाकाशी बसलेल्या माणसाला विचाराला सवड नसते, स्टुलावर ती मिळते. त्यांना एकच मुलगा, संदीप. डी.एड. झालेला. ज्या वर्षी त्यानं प्रवेश घेतला त्या वर्षी डी.एड.ला सोन्याचा भाव होता, आणि बाहेर पडला तोवर गल्लोगल्ली डी.एड. झालेली मुलं आणि भरती बंद. तो हंगामात द्राक्षांच्या पॅकिंगला जायचा, एरवी घरी. एक दिवस पोपटराव माझ्या टेबलाशी आले. "बाई, एक विचारू? मला अनफिट केलं तर संदीपला लावून घेतात का?"

तेव्हा तशी सोय होती. नोकरीत असताना माणूस गेला, तर घरातल्या एकाला खात्यात घ्यायचं, याला अनुकंपा म्हणतात. आणि आजारानं नोकरीला निकामी ठरून घरी बसला, तरीही घ्यायचं. मी म्हटलं, "घेतात. यादी लांब आहे, वर्षं जातील. पण नाव लागतं." ते म्हणाले, "मग करा मला अनफिट." मी हसले. "पोपटराव, लोक फिट ठरायला भजी खाऊ घालतात आणि तुम्ही अनफिट मागताय?" तेही हसले. ते त्या वेळचं हसणं अजून आठवतं मला. मोकळं होतं, काहीतरी हाती लागल्यासारखं.

कागद तयार करीपर्यंत दुरुस्ती आली. आमच्या टेबलावर नेहमी दुरुस्त्या येत. या दुरुस्तीत एवढंच होतं की आजारानं निकामी ठरलेल्यांच्या वारसांना यापुढे लाभ नाही. सेवेत असताना मृत्यू झाल्यासच लाभ. खाली नेहमीप्रमाणे 'सर्वांच्या निदर्शनास आणावे.' आणलं. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून फळ्यावर लावलं. पोपटराव स्टुलावरून उठून आले, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे आजाऱ्याचा काय उपेग नाय. मेलेल्याचाच हाय." मी म्हटलं, "असं बोलू नका हो." पण त्यात चूक काय होतं? मी जे सोप्या मराठीत केलं होतं, ते त्यांनी आणखी सोपं केलं.

त्याच हिवाळ्यात आमचा दुसरा एक कारकून अचानक गेला. दहाव्याला आम्ही ऑफिसची माणसं गोदाघाटावर गेलो, पोपटरावही होते. पिंड ठेवले, पण कावळा काही शिवेना. भाऊ म्हणाला, पोरीचं लग्न लावून देऊ. नाही. बायको म्हणाली, मी रडणार नाही. नाही. ऊन चढलं. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पोराच्या नोकरीचं सांगा. कल्याणच्या बाई आहेत ना, बाई, तुम्ही सांगा." सगळ्यांनी मला पुढे ढकललं. मी सरकारी नोकरीतली शिकलेली बाई, पिंडापुढे हात जोडून म्हणाले, "अनुकंपाचा प्रस्ताव पाठवलाय हो. काळजी करू नका." आणि काय सांगू, कावळा आला! घाटावर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कोणीतरी म्हणालं, "गेला, पण पोराचं सोनं करून गेला." आमच्या खात्यात हे वाक्य दर मयतीला ऐकू यायचं, सहज, वाईट हेतूनं नाही. मी मागे वळले तेव्हा पोपटराव त्या पिंडाकडे बघत उभे होते. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं. हेवा होता. मी तेव्हा म्हटलं, उन्हामुळे मला तसं वाटलं असेल.

मग काही दिवसांनी स्टुलावरून प्रश्न आला. "बाई, सेवेत असताना म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत ना? रिटायर होतो त्या दिवशी गेलं तर?"

मी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "पोपटराव, गोळ्या घेताय ना?"

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

"मी विचारते काय, गोळ्या घेताय ना?"

"सोडल्या."

मी ओरडले. माझा आवाज असा की शेजारच्या लेखा शाखेतली माणसं उठून दारात आली. अक्कल गहाण टाकलीय का, बायकोचा काही विचार, उद्या जीव गेला नाही आणि अर्धं अंग गेलं तर तोंडात घास कोण घालणार, सगळं बोलले. यादीचंही सांगितलं. यादी गोगलगाईच्या गतीनं चालते, तुम्ही गेलात तरी संदीपचा नंबर लागेल याची मी या टेबलावर बसून हमी देत नाही. पोपटरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "यादीत नाव तर लागंल. आत्ता कोणत्या यादीत हाय तो?" मी म्हटलं, "पेन्शन मिळेल तुम्हाला. सन्मानानं बसून खा." ते म्हणाले, "पेन्शन म्हातारा-म्हातारीला. पोराला काय, बाई? मी जगून त्याला काय देऊ?" इतक्या वर्षांत हजारो सूचना सोप्या केल्या, पण या प्रश्नाला माझ्याकडे परिपत्रक नव्हतं.

निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलं होतं. मध्येच एकदा संदीप आला. बापाची उंची, बापाचाच अबोलपणा. उभ्या उभ्या म्हणाला, "मॅडम, अनुकंपाला डी.एड.वाल्याला शाळेवर घेतात की क्लार्कच करतात?"

मी म्हटलं, "अरे, तुझा बाप तिकडे स्टुलावर बसलाय जिवंत. लाज वाटते का?"

त्याचा चेहरा पडला. "बाबांनीच पाठवलंय विचारायला," म्हणाला. "मी नको म्हणत होतो." मग म्हणाला, "पण विचारून तर ठेवतो ना." त्याला झोडपावं की जवळ घ्यावं तेच कळेना. तिशीकडे झुकलेला मुलगा, पायात तुटकी चप्पल. मी त्याला खरं उत्तर दिलं, कारण ते देणं माझं काम होतं. शाळेवरही घेतात.

त्यानंतर मंदाबाई आल्या, पोपटरावांच्या बायको. नवरा डबा विसरला असं निमित्त करून आल्या आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. मोडक्या जीपगाड्या लावलेल्या शेडशी आम्ही उभ्या राहिलो. "ताई, ह्यांनी गोळ्या सोडल्यात."

"मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक हाय अन् तुम्ही गप?"

"गप कुठे? ओरडले की."

"वरडून गोळी पोटात जाती का?" असं म्हणून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. "मी घालते. वरवंट्यानं बारीक करून त्यांच्या वाट्याच्या भाजीत कालवते. कडू लागू नये म्हणून रोज मेथी करते. मेथी नाय भेटली तर कारलं. डॉक्टरीणबाईला विचारलं, ती म्हणली, कशीबी जाऊ द्या, पोटात गेली पायजे."

त्या सांगतच राहिल्या. "पण ताई, रात्रंदिवस जिवाला घोर लागलाय. संदीप समोर जेवायला बसतो. त्याच्या ताटातलं काढून नवऱ्याच्या ताटात घालते असं वाटतं मला. मी आई हाय का कोण हाय?" त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, पाठीवर हात फिरवून चहा पाजला असता.

मी म्हटलं, "मंदाबाई, घालत राहा."

"अन् संदीपचं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका बाजूला नवऱ्याचा जीव, दुसऱ्या बाजूला मुलाचं पोट, आणि ही तागडी मंदाबाईंच्या हातात दिली कोणी? कोणा दुष्टानं नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूनं केलेल्या नियमानं. मेलेल्याच्या घरावर दया करायची आणि जगणाऱ्याच्या घराकडे पाहायचं नाही, असा तो नियम. मी त्याचा फळा लिहीत होते.

तेव्हापासून दुपारचं जेवण माझ्या जिवावर यायचं. ऑफिसात सगळे डबे एकत्र उघडत, याची उसळ त्याला, त्याची चटणी ह्याला. पोपटरावांच्या मेथीकडे एखाद्याचा हात गेला की मी काहीतरी निमित्त काढून तो डबा त्यांच्याकडे सरकवायचे. भर उन्हाळ्यात, मेथीच्या जुड्या महागल्या तेव्हाही त्यांच्या डब्यात मेथीच. लोक चेष्टा करायचे, "पोपटराव, वहिनींनी मळा विकत घेतला का?" एकदा लेखा शाखेतल्या कोणी घास उचललाच. मी त्याच्या हातावर फटका मारला. "त्यांच्या पथ्याची भाजी आहे. हात लावायचं काम नाही." सगळे हसले. पोपटरावांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली आणि जेवत राहिले.

अशा रीतीनं ते वर्ष गेलं. ऑफिसात सगळ्यांना वाटे, स्टूल मानवलं पोपटरावांना, तब्येत सुधारली. मी रोज सकाळी आल्या आल्या आधी स्टुलाकडे बघायचे. ते दिसले की हायसं वाटायचं, आणि लगेच संदीपची चप्पल आठवायची.

आमच्या खात्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली. शाळेत नाव घालताना तेव्हाच्या मास्तरांनी सगळ्यांना सरसकट तीच तारीख लावली. म्हणून मेच्या शेवटच्या दिवशी निवृत्तांची रांग लागे आणि निरोप एकत्रच होई. पोपटराव त्या रांगेत होते. शाल, श्रीफळ, सभागृहात पंख्यांचा आवाज. साहेब बोलले, "पोपटरावांनी आम्हाला घाटातून सुखरूप नेलं-आणलं. त्यांना उत्तम आरोग्य आणि दीर्घायुष्य लाभो." टाळ्या पडल्या. मंदाबाई पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसल्या होत्या, त्या मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. संदीप मागे दाराशी उभा होता. कोणीतरी म्हणालं, पोपटराव, दोन शब्द. ते उठले, माइक धरला. "खात्यानं लय दिलं," म्हणाले. "पोराला काय देता आलं नाय." आणि खाली बसले. लोकांना वाटलं, नम्रतेनं बोलताहेत. त्यावरही टाळ्या वाजवल्या.

निवृत्त माणसाला साहेबांच्या जीपमधून घरी सोडायची आमच्याकडे पद्धत होती. पोपटराव हार घालून खाली आले आणि सवयीनं ड्रायव्हरचं दार उघडलं. आत कंत्राटी पोरगा बसलेला. पोपटराव ओशाळं हसले आणि मागच्या बाजूला गेले. मंदाबाई शेजारी बसल्या. संदीपला लोक म्हणत होते, बस की, अरे बस. तो "चालत जातो" म्हणाला. ऑफिसपासून जेल रोड काही चालत जायच्या अंतरावर नाही.

त्यांच्या घरात पुढं काय झालं ते मला संदीपनंच सांगितलं. तो माझ्या इंदिरानगरच्या घरी आला होता. पुण्याकडे एका कंपनीत सुरक्षारक्षकाचं काम मिळत होतं आणि त्यासाठी ओळखीच्या माणसाची सही हवी होती. सही करून दिल्यावर म्हणाला, "मॅडम, आईनं मला सगळं सांगितलं. वर्षभर मेथीत गोळ्या घालत होती. तुम्हालाही माहीत होतं म्हणे."

मी म्हटलं, "होतं."

"बाबा माझ्यासाठी जीव द्यायला निघाले होते. तिनं देऊ दिला नाही. त्यांना फसवून ठेवलं."

"अरे, बाप जिवंत आहे तुझा. काय बोलतोस कळतंय का?"

"कळतंय. रोज दिसतात ना. पेपर वाचत बसलेले असतात." मग तो उठला. "मी आईशी बोलत नाही आता," एवढं सांगून गेला. तो पाठमोरा जात असताना मला त्याचा राग आला, आणि रागाखाली काय होतं ते मी नीट पाहिलं नाही. रागावणं बरं पडतं.

मी स्वतः निवृत्त झाल्यावर एकदा नाशिक रोडला काही कामाला गेले होते, तशीच जेल रोडला वळले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ सारवल्यासारखं. पोपटराव खुर्चीत होते, अंगानं भरलेले, गालांवर तेज. मंदाबाई मात्र वाळल्या होत्या. "चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या. मी म्हटलं, "तब्येत झकास दिसते."

"गोळ्या घेतो आता. हातानं घेतो," ते म्हणाले. मग आतल्या दाराकडे एकदा बघून, खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला ठाऊक होतं."

"काय?"

"मेथी. मेथी इतकी कडू नसती. पहिल्याच घासाला कळलं होतं."

"मग खाल्लीत कशाला?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मरवंना, बाई," म्हणाले. "पोराला शब्द दिला होता, पण मरवंना. गोळी सोडली त्या दिवशीच भ्यालो होतो. मग तिनं मेथी आणली. रोज डबा पुसून खायचो. एक दिवस तिनं वांगी केली तर मलाच काळजी वाटली."

"हे संदीपला सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली, नाही.

"पोपटराव, तो तिच्याशी बोलत नाही. त्याला वाटतं तिनं तुम्हाला फसवलं."

"ठाऊक हाय. पण त्याला वाटतं, बाप तयार होता." त्यांचे डोळे भरून आले. "तेवढं तरी राहू द्या माझं. दुसरं काय दिलं मी त्याला?"

मला त्यांना खूप बोलायचं होतं. माझा आवाज तर तुम्हाला ठाऊक आहे. पण कोणाची बाजू घेऊन ओरडणार होते मी? जगावंसं वाटलं म्हणून त्या माणसाला बोल लावू? मंदाबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवले, बशीत बिस्किटं ठेवली. त्यांनी काही ऐकलं होतं का, त्यांच्या तोंडावरून मला सांगता येत नव्हतं. ऐकलं नसलं तरी एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता, संदीपच्या फोनचा दिवस. फोन मंदाबाईंच्या हाताशीच होता, पण त्यांनी उचलला नाही. एक पाऊल मागे सरून त्या आतल्या दाराच्या चौकटीला लागून उभ्या राहिल्या. पोपटराव खुर्चीतून उठले आणि त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"हां, संदीप. बरा हाय. घेतो, घेतो गोळ्या. तू जेवला का? ड्युटी रात्रीची का दिवसाची?" मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. कदाचित पहिल्यांदाच विचारलं असेल, कारण पोपटराव एकदम थांबले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मंदाबाईंनी पदर सावरला आणि हात अर्धवट पुढे केला.

"आई?" पोपटराव म्हणाले. "आई कामात हाय."